धंद्याचे लिखाण आणि वर्षाची आखणी

स्मरणिकेच्या पानांतून आपण शिक्षण, आरोग्य, कायदा अशा विषयांवरील लेख नेहमी वाचतो. प्रस्तुत लेखाचा विषय थोडा वेगळा आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील आपले अनेक तरुण-तरुणी आता केवळ नोकरीची वाट पाहत न बसता छोटे धंदे सुरू करीत आहेत. कोणी मोटार रिवाइंडिंगचे दुकान टाकले आहे, कोणी शिलाईकाम करते, कोणी केटरिंगची कामे घेतो, कोणी रोपवाटिका चालवतो. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु यांतील बहुतेकांच्या घरात धंद्याची ही पहिलीच पिढी आहे. ज्याच्या आजोबांचे दुकान त्याच पेठेत होते, त्याला गिऱ्हाइकाला आपली ओळख करून द्यावी लागत नाही. आपल्या माणसाला ती करून द्यावी लागते. आणि भांडवल थोडे असल्यामुळे ती बहुधा शब्दांनीच करून द्यावी लागते.

हे शब्द म्हणजेच धंद्याचे लिखाण. दुकानाबाहेरच्या फळ्यावरील चार ओळी, हस्तपत्रक, स्थानिक साप्ताहिकातील छोटा लेख, मोबाइलवरून गिऱ्हाइकांना पाठवलेली उपयोगी माहिती, हे सर्व त्यात आले. असे लिखाण कसे करावे याविषयी पुष्कळ सांगितले जाते. ते वर्षभर टिकवावे कसे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. तोच या पाठाचा विषय आहे.

१. लिखाण कोठे थांबते?

आमच्या पाहण्यात एक गोष्ट वारंवार आली आहे. दुकानाचे उद्घाटन होते. पहिल्या महिन्यात उत्साह असतो, रोज काहीतरी लिहिले जाते. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून एकदा. तिसऱ्या महिन्यात कामाची गर्दी होते आणि लिखाण बंद पडते. मग दिवाळीच्या आदल्या दिवशी एकदम आठवण होते आणि शुभेच्छांचा एक तयार मजकूर सर्वांना पाठवला जातो. त्याच दिवशी गिऱ्हाइकाकडे तसलेच पन्नास संदेश आलेले असतात.

विचारले तर उत्तर मिळते, "सर, काय लिहावे तेच सुचत नाही." आमच्या मते अडचण सुचण्याची नाही. ज्या दिवशी लिहायचे त्याच दिवशी विषय शोधायचा, ही पद्धतच चुकीची आहे. घरात धान्य नसताना चुलीवर आधण ठेवण्यासारखे ते आहे.

दुसऱ्यांना कशाला नावे ठेवावीत? स्मरणिकेचे कामच पाहा. लेख मागविण्याचे पत्र वेळेवर जाते, पण लेखक मंडळी शेवटच्या आठवड्यात लिहावयास बसतात, मुद्रकाचा निरोपावर निरोप येतो आणि मुद्रितशोधन रात्री जागून होते. त्या दोषातून आम्हीही सुटलेलो नाही. म्हणून हा पाठ आम्ही वरच्या पायरीवर उभे राहून देत नसून विद्यार्थ्यांच्या ओळीत बसूनच लिहीत आहोत.

२. शंभर वर्षांपूर्वीचे दोन दाखले

पहिला दाखला व्यापारातील आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या कारखान्यातील लोखंडी नांगर सुरुवातीला खपत नव्हता. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. अशा वेळी नुसते "आमचा नांगर घ्या" असे ओरडून काय उपयोग? आधी समजूत बदलली पाहिजे. पुढे १९२० साली याच वाडीतून शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघू लागले. आरंभी ते कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती देणारे पत्र होते. परंतु बारा महिने कोणी नांगराविषयीच वाचणार नाही, हे संपादकांनी ओळखले. वाचकाच्या आयुष्याला उपयोगी पडतील असे विषय त्यात येत गेले आणि कारखान्याच्या खबरीचे 'किर्लोस्कर' हे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक झाले. त्याच संस्थेतून १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही मासिके निघाली. अमेरिकेत नांगर बनविणाऱ्या जॉन डिअर कंपनीने १८९५ सालीच शेतकऱ्यांसाठी 'द फरो' हे नियतकालिक काढले होते. फरो म्हणजे नांगराची तास. या दोन्ही ठिकाणी माल विकण्याआधी गिऱ्हाइकाला उपयोगी पडण्याचा विचार झाला, आणि तो एकदाच नव्हे तर ठरलेल्या वेळी, पुनःपुन्हा झाला.

दुसरा दाखला आपल्या जिव्हाळ्याचा आहे. तो धंद्याचा नाही, पण नियमित लिखाणास काय लागते हे त्यातून कळते. बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केले. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहून भरण्याची जबाबदारी आपणावर पडली, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. पैशाची चणचण होती, मदतनीस नव्हते. नोव्हेंबर १९२९ मध्ये ते पत्र बंद पडले. त्यानंतर २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' निघाले, तेव्हा संपादकपदी देवराव नाईक होते आणि पुढेही संपादनाचा भार इतर सहकाऱ्यांनी वाहिला. हे पत्र पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालले आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. बाबासाहेबांएवढी विद्वत्ता आणि लेखणी असलेल्या माणसालाही एकट्याच्या खांद्यावर पत्र चालवणे जड गेले, तर दिवसभर दुकान सांभाळणाऱ्या आपल्या भावाला किंवा बहिणीला केवळ उत्साहाच्या बळावर ते जमेल असे कसे मानावे? म्हणून आखणी हवी आणि वाटणीही हवी.

३. वर्ष कोणाचे मोजायचे?

आखणी करताना पहिली चूक येथे होते. दुकानदार आपल्या दुकानाचे वर्ष मोजतो: आमचे उद्घाटन, आमचा वर्धापनदिन, आमचा नवा माल. गिऱ्हाइकाला त्याचे फारसे सोयरसुतक नसते. त्याचे वर्ष वेगळे असते, आणि आपण ते मोजले पाहिजे.

खानदेशातील शेतकऱ्याचे वर्ष पाहा. जून-जुलैत कापसाची लागवड आणि केळीचा मृगबाग. पावसाळ्यात निंदणी-फवारणी. पोळा. ऑक्टोबरच्या सुमारास केळीचा कांदेबाग आणि कापसाची वेचणी. नंतर गहू, हरभरा, दादर यांचा रब्बी हंगाम. मार्चपासून विहिरींचे पाणी खाली जाते आणि एप्रिल-मे महिन्यांत रावेर-यावलकडच्या केळीबागा उन्हाने होरपळतात. आखाजीला लेकी माहेरी येतात. शाळा-कॉलेजांचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. लग्नसराईचे महिने ठरलेले असतात. गिऱ्हाइकाच्या हातात पैसा केव्हा येतो, खर्च केव्हा होतो आणि अडचण केव्हा उभी राहते, हे या वर्षात दिसते.

यातून एक साधा नियम निघतो. अडचण येण्याच्या तीन-चार आठवडे आधी माहिती द्यावी. अडचणीच्या दिवशी दिली तर गिऱ्हाइकाला वाचायला सवड नसते. नंतर दिली तर ती शिळी होते. जयंतराव साळगावकर यांनी १९७३ साली सुरू केलेले 'कालनिर्णय' घरोघर पोहोचले, त्यामागेही हीच दृष्टी दिसते. ज्या महिन्यात जे लागणार ते आधीच भिंतीवर हजर असते, आणि पानाच्या मागे वाचायला उपयोगी मजकूर असतो.

४. वहीची आखणी

यासाठी संगणक लागतो असे नाही. शंभर पानी वही पुरेल. पंधरवड्यास एक याप्रमाणे वर्षाला चोवीस लिखाणे धरावीत. रोज लिहिण्याचा संकल्प करून महिन्यात तो मोडण्यापेक्षा पंधरवड्यास एक लिहून वर्ष पुरे करणे चांगले. वहीत प्रत्येक लिखाणासाठी एक ओळ घेऊन पुढीलप्रमाणे सहा रकाने पाडावेत.

(१) प्रसिद्ध करण्याची तारीख
(२) त्या वेळी गिऱ्हाइकापुढे असलेली अडचण किंवा प्रश्न
(३) विषय, एका वाक्यात
(४) मजकूर कोठे द्यायचा: फळा, हस्तपत्रक, साप्ताहिक की मोबाइल
(५) कोण लिहिणार, कोण तपासणार आणि केव्हापर्यंत
(६) परिणाम काय झाला

दुसरा रकाना भरल्याशिवाय तिसरा भरू नये. गिऱ्हाइकाची अडचण सांगता येत नसेल, तर तो विषय आपल्या हौसेचा आहे असे समजावे. पाचव्या रकान्यात तारखा उलट्या क्रमाने मोजाव्यात. समजा, १ ऑक्टोबरला हस्तपत्रक वाटायचे आहे. मग छापखान्यात ते २० सप्टेंबरला गेले पाहिजे, कारण सणासुदीच्या तोंडावर छापखान्यांत गर्दी असते. दुसऱ्याने वाचून चुका काढण्यासाठी १५ सप्टेंबर. पहिला खर्डा १० सप्टेंबर. माहिती व छायाचित्रे गोळा करण्यास १ सप्टेंबर. म्हणजे एक ऑक्टोबरचे काम एक सप्टेंबरला सुरू होते. ही एवढी गोष्ट ध्यानात आली तरी निम्मे काम झाले.

सहावा रकाना बहुतेकजण कोरा ठेवतात. त्यात "सात जणांनी येऊन विचारले, दोघांनी काम दिले" एवढे लिहिले तरी पुरे. पुढील वर्षाची आखणी याच रकान्यावरून होते.

५. एक उदाहरण

समजा, अमळनेर तालुक्यातील एका तरुणाने आयटीआय करून मोटार रिवाइंडिंगचे दुकान टाकले आहे. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे विहिरीवर आणि बोअरवर मोटार असलेला शेतकरी. त्याचे वर्ष साधारण असे आखता येईल.

जानेवारी : मोटारीचा आवाज बदलला तर काय समजावे? बेअरिंग वेळीच बदलले तर वायंडिंग वाचते.

फेब्रुवारी-मार्च : विहिरीचे पाणी खाली गेले की पाणबुडी मोटार कोरडी चालू नये म्हणून काय करावे? फूट व्हॉल्व्ह गळतो आहे हे कसे ओळखावे?

एप्रिल-मे : व्होल्टेज कमी असताना मोटार जास्त करंट घेते व तापते, अशा वेळी काय करावे? स्टार्टरच्या पेटीवर सावली का हवी?

जून : पहिल्या वादळापूर्वी अर्थिंग तपासून घ्या. विजा चमकत असताना स्टार्टरला हात लावू नका.

जुलै-ऑगस्ट : नाल्याकाठची मोटार पुरापूर्वी वर काढा. मोटार पाण्यात बुडालीच, तर वायंडिंग वाळवून तपासल्याशिवाय चालू करू नका.

सप्टेंबर-ऑक्टोबर : रब्बीपूर्वी करावयाची तपासणी. पावसाळ्यात बंद राहिलेली मोटार सुरू करण्याआधी हाताने फिरवून पाहा.

नोव्हेंबर-डिसेंबर : रात्रीच्या विजेवर पाणी भरताना घ्यावयाची काळजी: कोरडे हात, पायांत बूट, हातात बॅटरी.

याशिवाय एक विषय वर्षातून दोनदा द्यावा. थ्री फेज मोटारीचा एक फेज गेला तरी चालू मोटार लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजांवर ती जादा करंट ओढते आणि वायंडिंग जळते. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवला असेल तर तो पुरवठा तोडतो आणि मोटार वाचते.

येथे कोणी विचारील, मोटारी जळल्या नाहीत तर या तरुणाचा धंदा कसा चालणार? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की मोटारी कितीही जपल्या तरी कधी ना कधी दुरुस्तीस येतातच. ती कोणाच्या दुकानात न्यायची, हे शेतकरी त्या दिवशी ठरवीत नाही. वर्षभरात ज्याच्यावर विश्वास बसला, त्याच्याकडे तो जातो. आपले नुकसान होऊ नये म्हणून ज्याने आधी चार शब्द सांगितले, तो दुकानदार त्याच्या लक्षात राहतो. ठिबकसारखी नवी पद्धत आधी समजावून द्यावी लागते, तेव्हाच ती शेतात जाते. जळगावच्या जैन इरिगेशनने शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणाची सोय उभी केली ती उगाच नव्हे. आपल्या तरुणाचा धंदा छोटा आहे, पण नियम तोच आहे.

६. तारखांचे तीन प्रकार

काहीजण एकदा केलेली आखणी दुसऱ्या वर्षी तशीच उतरवून काढतात. तसे करता येत नाही, कारण तारखा तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार ठरलेल्या तारखांचा: ३ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट, ६ डिसेंबर. बाबासाहेब १९३७ साली धुळ्यास आले असताना लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले होते. त्या स्मरणार्थ ३१ जुलैला तेथे लोक जमतात, तीही अशीच ठरलेली तारीख. दुसरा प्रकार तिथीने येणाऱ्या दिवसांचा: बुद्धपौर्णिमा, आखाजी, पोळा, दसरा, दिवाळी. २०२५ सालचा दसरा २ ऑक्टोबरचा, तर २०२६ सालचा २० ऑक्टोबरचा, कारण २०२६ मध्ये ज्येष्ठ हा अधिक मास आहे. जुनी वही उतरवून काढणाऱ्याचे दसऱ्याचे हस्तपत्रक अडीच आठवडे आधीच वाटून संपेल. तिसरा प्रकार निसर्गाच्या आणि बाजाराच्या तारखांचा: पहिला पाऊस, गारपीट, केळीचे भाव. त्या कोणत्याही पंचांगात नसतात. त्यांच्यासाठी मजकूर आधी तयार ठेवावा आणि तारखेच्या रकान्यात "वेळ येताच" असे लिहावे.

म्हणून चोवीसही ओळी आधीच भरू नयेत. सोळा ओळी हंगामाप्रमाणे भराव्यात, चार गिऱ्हाइकांनी वर्षभरात विचारलेल्या प्रश्नांसाठी ठेवाव्यात आणि चार कोऱ्या सोडाव्यात. शिवाय केव्हाही चालतील अशी तीन लिखाणे पूर्ण करून बाजूला ठेवावीत. घरात आजारपण येते, लग्नकार्य येते, कामाची गर्दी उसळते. त्या पंधरवड्यात ही शिल्लक कामी येते आणि खंड पडत नाही.

७. एक सावधगिरी

आपल्या महापुरुषांच्या जयंतीचे आणि स्मृतिदिनाचे दिवस वहीत अवश्य लिहावेत, पण मालाची जाहिरात करण्यासाठी नव्हे. ६ डिसेंबरच्या अभिवादनाखाली सवलतीचा दर छापलेला पाहून आम्हांस वाईट वाटते. त्या दिवशी दुकानाच्या फळ्यावर नुसते अभिवादन असावे. १४ एप्रिलला काही उपयोगी द्यावयाचे असेल तर दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी पुढील प्रवेशाला लागणाऱ्या दाखल्यांची यादी द्यावी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला मिळण्यास वेळ लागतो. जूनमध्ये धावपळ करणाऱ्या पालकांना एप्रिलमधील ही आठवण मोलाची ठरते. अडचणीच्या आधी माहिती द्यावी, हाच नियम येथेही लागू पडतो. तसेच गिऱ्हाईक सर्व समाजांचे असते. त्याच्या घरच्या सणाच्या दिवशी त्याला कामाचे संदेश पाठवू नयेत, एवढे भान वहीमुळे राहते.

८. स्वाध्याय

विद्यार्थ्यांनी पुढील अभ्यास प्रत्यक्ष करून पाहावा.

(अ) आपल्या वस्तीतील एक छोटा धंदा निवडा. त्याच्या पाच गिऱ्हाइकांना भेटून विचारा: वर्षातील कोणत्या महिन्यात तुम्हांला या दुकानाची सर्वांत जास्त गरज लागते, आणि का?

(आ) उत्तरांवरून बारा महिन्यांच्या बारा अडचणी लिहा. दुकानदाराला दाखवून दुरुस्त करून घ्या.

(इ) त्यांपैकी पुढील तीन महिन्यांची सहा लिखाणे सहा रकान्यांत आखा. तारखा उलट्या क्रमाने मोजा.

(ई) एक लिखाण दीडशे शब्दांत पूर्ण करा आणि त्या धंद्यातील नसलेल्या माणसाला वाचून दाखवा. त्याला अडलेला प्रत्येक शब्द बदला.

ज्यांच्या घरी असा धंदा आहे त्या मुलामुलींना एक विनंती आहे. वडील दिवसभर दुकानात राबतात, आई शिलाई मशीनवर बसते. त्यांना लिहावयास सवड नसते, काहींना लिहिण्याची सवयही नसते. शिकलेल्या मुलाने महिन्यातून दोन संध्याकाळी त्यांच्याजवळ बसावे, ते सांगतील ते लिहून घ्यावे आणि वही सांभाळावी. धंद्याचे ज्ञान त्यांच्याकडे आहे, लेखणी तुमच्याकडे आहे. शिक्षणाचा उपयोग घराला असाही होतो. वर्षाच्या शेवटी सहावा रकाना दोघांनी मिळून वाचावा आणि पुढील वर्षाची पहिली ओळ त्याच दिवशी लिहावी.